रबहाच्या हनुवटीवरची वाकडी रेघ

हनुवटीवरचं गोंदण पुसायला तूदाने चुना लावला, त्यात तिचं तोंड भाजून निघालं, आणि आमच्या आयत ऊमल गावात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अडुसष्ट वर्षांची बाई! जिने डोंगराच्या दोन्ही अंगांच्या पोरींच्या हनुवट्या, कपाळं, मनगटं वीस वर्षं गोंदली, तिनेच काळ्या साबणात चुना कालवून स्वतःचं गोंदण खरवडत बसावं? पण लाज एकदा अंगाला डसली की माणसाला अक्कल उरत नाही.

निमित्त झालं नातीच्या साखरपुड्याचं. तूदाचा मुलगा मेक्नेस शहरात असतो. त्याची मुलगी विदाद, पोर गुणी, आजीवर जीव टाकणारी. फोटो काढायची वेळ आली तशी ती तूदाच्या कानाशी लागली. "आजी, डोक्यावरचा रुमाल जरा हनुवटीवर ओढून घे ना. सासरची माणसं शहरातली आहेत गं." गोड आवाजात म्हणाली, पण बाण तो बाणच. त्यात मुलाकडच्या विहीणबाई समजूतदारपणे पुटपुटल्या, "असू दे हो, त्या काळी बिचाऱ्यांना कुठे ठाऊक होतं, गोंदणं धर्मात पाप आहे म्हणून." तूदाने मग जेवणसुद्धा रुमालाच्या आतून केलं. जर्दाळू घालून शिजवलेलं मटण, तिच्या आवडीचं, पण अर्धं तसंच उरलं. ज्या रेघेवरून एके काळी बायका तिच्या आईचा हात वाखाणायच्या, ओळंब्याने सोडल्यासारखी सरळ रेघ म्हणायच्या, ती आता झाकायची वस्तू झाली होती.

घरी परतली आणि दुसऱ्याच दिवशी चुना लावला. चार दिवसांत जखम चिघळली. दवाखान्यातल्या नर्सने आधी मलम दिलं, मग मनसोक्त शिव्या दिल्या. रेघ गेली का? छे! वरची कातडी गेली, खालून निळसर रेघ पुन्हा डोळे वटारून बघायला लागली.

तूदाचे हात आताशा कापतात. जखम धुणं तिच्याच्याने होईना. तेव्हा रोज सकाळी, बकऱ्या सोडल्या की, शेजारची रबहा यायला लागली. कोणी बोलावलं नव्हतं. हातात कोमट पाण्याचं भांडं, स्वच्छ फडकं, आणि स्वतःच्या पोळ्यांतला मध.

आता रबहाविषयी सांगायला हवं. तूदापेक्षा तीन वर्षांनी लहान. खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत तिच्याही रेघ आहे, पण मध्यावर येऊन ती डावीकडे कलंडते आणि मग घाबरल्यासारखी पुन्हा सरळ होते. आमच्याकडे त्या वाकड्या रेघेचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. गोंदताना पोरीचं डोकं एकीच्या मांडीवर, पाय दुसरीच्या हातात, आणि पोरीने हूं की चूं करायचं नाही. नाही हलली तर बायका आरोळ्या देत, अंडी खाऊ घालत. हलली तर रेघच जन्मभर चुगली करी.

रबहा तेरा वर्षांची असताना तिला गोंदलं. तूदाची आई गावची गोंदणारी, पण तिचे डोळे मंदावले होते. त्या दिवशी तिने सुई पहिल्यांदा सोळा वर्षांच्या तूदाच्या हातात दिली. अंगणभर बायका. गावातल्या इत्तोने पाय धरले होते. काजळीत बुडवलेली सुई ओठाखालून टोचत टोचत अर्ध्यावर आली आणि तूदाची छाती एवढी धडधडायला लागली की हातच सरकला. तिचा हात, दुसऱ्या कोणाचा नाही. रबहा डोळे मिटून मेलेल्या कोकरासारखी निपचित पडली होती.

आईने वाकून पाहिलं. "काय गं हे? काय झालं?"

"हलली ती," तूदा म्हणाली.

झालं. दोन शब्द. उचलली जीभ लावली टाळ्याला. वरून घेवड्याच्या पानांचा रस चोळला, रंग हिरवा-निळा छान उतरला आणि खोटं कातडीत कायमचं मुरलं.

पुढे तूदाच्या हाताचं नाव झालं आणि रबहाचं नाव 'हललेली' पडलं. पाणवठ्यावर, शेतात, लग्नात. दरीपलीकडून एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने हनुवटी बघितली आणि चहाचा पेला खाली ठेवला. "जिला सुई सोसवेना, ती बाळंतपण काय सोसणार?" शेवटी रबहाला एका बिजवराच्या गळ्यात बांधली. तूदा त्या लग्नात नाचली होती. हे आठवलं की तिला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण सांगितलं का? नाही. आज सांगू, सुगीनंतर सांगू, आई गेल्यावर सांगू असं करता करता बावन्न वर्षं गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखवूनही माणूस गप्प बसू शकतो, हे तूदाकडून शिकावं.

आणि आता तीच रबहा रोज सकाळी तिची हनुवटी पुसत होती. तूदाला वाटायचं, ही मला दोन थोबाडीत मारील तर बरं. हा मध सोसवत नाही.

आठव्या दिवशी खपली निघायला आली होती. रबहाने तूदाचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "हलू नकोस हं," ती म्हणाली आणि फडक्याने खपलीची कड उचलली.

"आई गं!" तूदा अख्खी उसळली. भांडं लवंडलं.

रबहा हसायलाच लागली. "बघा, बघा! मोठी गोंदणारीण! आणि मला हसत होतात सगळ्या!" मग फडकं पिळता पिळता तिचा आवाज खाली आला. "एक सांगू का तूदा? तुला कधी बोलले नाही. तुझी पहिलीच रेघ होती ती. मी हलले आणि तुझ्या हाताला पहिल्याच दिवशी बट्टा लावला. तुझी आई किती दिवस माझ्याशी बोलत नव्हती. मला कितीदा वाटलं, जाऊन तुझी माफी मागावी. पण धीर झाला नाही. आता आपण दोघी कितीशा उरलोय? माफ कर बाई."

चुन्याने भाजलं तेव्हाही एवढी आग झाली नव्हती. माफी ही मागत होती! ती मांडीवरून उठून बसली. रबहाच्या तोंडाकडे बघणं जमेना, म्हणून लवंडलेल्या भांड्याकडे बघत म्हणाली, "तू हलली नव्हतीस."

"काय म्हणालीस?"

"तू नाही हललीस. माझा हात सरकला. मी घाबरले होते. आईने विचारलं आणि मी तुझ्यावर ढकललं."

"काहीतरीच! मला चांगलं आठवतं मी हललेली. मान अशी झाली माझी."

"तुला ते आठवतं, कारण मी सांगितलं आणि मग सगळ्यांनी सांगितलं. दगडासारखी होतीस तू, रबहा. मी एवढ्या पोरी गोंदल्या, तुझ्याएवढी निश्चल एकही नव्हती."

अंगणात कोंबडी आली, रबहाने तिला हुसकलंसुद्धा नाही. मग आपल्या हनुवटीवर बोट ठेवलं, वरून खाली नेलं, वळणापाशी थांबली.

"सहा बाळंतपणं," ती म्हणाली. "दातात फडकं धरून. सुईण म्हणायची, बाई ओरड गं, ओरडलीस की सोपं जातं. मी म्हटलं, नाही. गावाला पुन्हा हसायला द्यायचं नाही. दोनदा दात पडले माझे."

"रबहा..."

"थांब! माझा पोरगा हद्दू गेला. लाकडाचा ट्रक दरीत उलटला आणि त्याला चादरीत गुंडाळून आणला. आठवतंय?" आता तिचा आवाज चढायला लागला. "घसा फुटेस्तोवर रडायचं होतं मला. मी चुलीमागे उभी राहिले आणि ओठ चावला. बाहेर बायका म्हणाल्या, शाबास, आता नाही हलली. आता! ऐकलं होतंस ना तू? तू तिथेच होतीस, भाकरी घेऊन आली होतीस! तेव्हा तरी तोंड उघडायचंस, मेले! तेव्हा तरी!"

तूदा भाकऱ्यांची परात घेऊन दारात उभी होती आणि तिने ते ऐकलं होतं. ऐकून परात ठेवून घरी गेली होती.

"मला वाटलं, आता उशीर झाला," ती कशीबशी म्हणाली.

"उशीर! आणि आज काय पहाट उजाडली?"

रबहा उठली. तूदाला वाटलं, चालली ही. पण तिने सांडलेलं पाणी पुसलं, नवं पाणी आणलं, जखम धुतली, मध लावला, पट्टी बांधली. हात नेहमीसारखा हलका नव्हता, पण घाईही नव्हती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "उद्या ओढ्यावर लोकर धुवायला सगळ्या जमणार आहेत. तिथे सांग. जिथे माझं नाव पाडलंत तिथे. नाही सांगितलंस, तर माझी पावलं तुझ्या उंबऱ्याला परत लागायची नाहीत."

सकाळी तूदा ओढ्यावर गेली. तोंडावर रुमाल नाही, मधाने पिवळी झालेली पट्टी उघडी. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ओल्या लोकरीवर सोटे हाणत होत्या. रबहा पलीकडच्या दगडावर पाठमोरी होती. तूदाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी तिने सांगितलं. सुईपासून दोन शब्दांपर्यंत, स्थळ मोडलं तिथपासून भाकऱ्यांच्या परातीपर्यंत, काही गाळलं नाही. बोलताना पट्टीखाली जखम ओढत होती.

सोटे थांबले. पण थांबले ते नवलाने. लोकरीवाल्या बायका बहुतेक तिशी-चाळिशीच्या, गोंदणाचं वारंही न लागलेल्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"हललेली म्हणजे काय गं मावशी?" एकीने विचारलं.

दुसरी हसत म्हणाली, "अय्या! मला वाटायचं रबहामावशीच्या माहेरची ती नक्षीच आहे तशी. वळणाची."

"एवढ्याशा रेघेचं काय घेऊन बसलीस आजी? आता कोण बघतंय हनुवट्या? तू तर पुसायला निघाली होतीस." आणि पोरी खुदुखुदु हसल्या. वाईट मनाने नाही. सोटे पुन्हा पडायला लागले.

तूदा उघडी पडून उभी राहिली. शिव्या पडल्या असत्या तर तिने पदर पसरून झेलल्या असत्या. पण ज्यांनी हे ऐकायला हवं होतं त्या केव्हाच मातीत गेल्या होत्या. ती सासू होऊ घातलेली बाई, ती सुईण, तिची स्वतःची आई. खरं ऐकायला त्यांच्यातलं कोणी शिल्लक नव्हतं. एक इत्तो सोडून.

इत्तो काठावर उन्हात बसून लोकरीतले काटे वेचत होती. ऐंशीची, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून. तूदा धडपडत तिच्यापाशी गेली.

"इत्तो, तू ऐकलंस ना? तू होतीस. पाय तूच धरले होतेस. सांग यांना, रबहा हलली नव्हती."

इत्तोने काटा काढला, शांतपणे बाजूला टाकला. "हलली होती की."

"नाही गं! माझा हात सरकला!"

"मला शिकवू नकोस. पाय माझ्या हातात होते. असा झटका दिला तिने, मला अजून मनगटात जाणवतो." इत्तोने मनगट वर करून सगळ्यांना दाखवलं. "तू आता म्हातारी झालीस, पापाची भीती शिरलीय डोक्यात, म्हणून सगळं आपल्या माथी घेतेस. चांगली आहेस हो तू. पण जे झालं ते झालं."

"चांगली आहेस," पोरींनीही मान डोलावली. एक तर म्हणाली, "किती मन मोठं बघा तूदाआजीचं!"

तूदाने रबहाकडे पाहिलं. रबहा वळली होती. आधी तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. मग खालचा ओठ थरथरला, तिने तो सवयीने दातात धरला, आणि एकाएकी सोडून दिला. ती मटकन दगडावर बसली आणि तिने असा हंबरडा फोडला की बकऱ्या वर चढावर पळाल्या. "हद्दू! माझ्या राजा!" कोणाला काही कळेना. लोकर प्रवाहात वाहून चालली, तिच्यामागे दोघी धावल्या. इत्तो काठी टेकत पाण्यात उतरली, रबहाचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे गं, असू दे. तेरा वर्षांची पोर होतीस. कोणीही हललं असतं."

"नाही इत्तो, नाही," तूदा काठावरून म्हणत होती. पट्टी सुटून तिच्या गळ्याशी लोंबत होती. पण त्या रडण्यापुढे तिचं बोलणं कोणाच्या कानापर्यंत पोचत नव्हतं, आणि जवळ जायला तिला तोंड नव्हतं.