देवाकडं पाठ

आमच्या शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत मी एक हजार वर्षं जुनं देऊळ उभं केलं होतं. परवानगी कुणाची घेतली नव्हती. (व्हीआरच्या देवळाला ती लागत नाही.)

माझं कामच ते. कलेचा इतिहास मुलांनी पुस्तकात न वाचता, डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवून थेट आत शिरून बघावा, असे धडे मी तयार करते. शाहूपुरीतल्या एका कॉलेजनं पहिला धडा घ्यायचं जवळपास ठरवलं होतं. हे काम मिळालं असतं तर शाळेतली नोकरी सोडून मी घरात नुसती खेळत बसत नाही, हे एकदाचं सिद्ध झालं असतं. तिथल्या कलाविभागाच्या प्रमुख मुल्लाणी मॅडम स्वतः बघायला आल्या. म्हणाल्या, हा चष्मा कधीच न घातलेल्या माणसाला जमलं, तर मुलांना जमेल. असं माणूस घरात एकच, माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई.

धडा साधा. आपण गाभाऱ्यासमोर उभे असतो. कानात आवाज येतो, 'आता मागे वळा.' वळलं की दाराची कोरीव चौकट दिसते आणि खरा इतिहास तिथून सुरू. गाभारा ओकाबोका दिसतोय म्हणून आदल्या दिवशी मी त्यात देव बसवला, समया लावल्या. तिथंच माती खाल्ली!

आत्याबाईंनी चष्मा घालायच्या आधी चपला काढल्या. मग हात वर करून घंटा चाचपली. घंटा नव्हती, भिंतीवरचं घड्याळ होतं. ते खाली आलं. तेवढ्यात आवाजानं मागे वळायला सांगितलं. आत्याबाईंनी हात जोडले आणि तशाच उलट्या पावलांनी निघाल्या.

"आत्याबाई, वळा की," मी म्हटलं.

"देवाकडं पाठ करू व्हय? शिकलेली हाईस न्हवं तू?"

आवाज दर दहा सेकंदांनी वळायला सांगत होता आणि त्या दर वेळी आणखी एक पाऊल मागं. टीपॉय गेला, पोह्यांची बशी गेली, शेवटी आत्याबाई मुल्लाणी मॅडमच्या मांडीवर जाऊन टेकल्या. तिथूनही नमस्कार चालूच.

मॅडम भल्या. वयस्कर माणसांचं असं व्हायचंच, म्हणाल्या, मी दाखवते. त्यांनी चष्मा घातला. आवाज आला. आणि कलेच्या इतिहासात डॉक्टरेट केलेल्या मॅडम डोक्यावर पदर ओढून, उलट्या पावलांनी थेट स्वयंपाकघरात! (पायांनाच सवय हो, चष्मा काढत त्या म्हणाल्या, दर्ग्यातनं आम्ही असंच निघतो.) आत्याबाईंना त्यांचं इतकं कौतुक वाटलं, की अशी सून मिळायला नशीब लागतं, असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या.

निघताना मॅडम म्हणाल्या, "धडा छान आहे. तेवढा देव काढून टाका, काम तुमचं."

एवढंच ना! मी लगेच बसले. मूर्ती म्हणजे शिल्प, त्याकडं अभ्यासकाच्या नजरेनं बघावं, हे मी आत्याबाईंना लग्न झाल्यापासून ऐकवत आलेय. मूर्तीवर क्लिक केलं. पडद्यावर प्रश्न आला: कायमचं काढून टाकायचं? खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

मी उठले, हात धुऊन आले, 'नाही' दाबलं, आणि मॅडमना कळवलं की तांत्रिक अडचण आली आहे.