आप्पा, लिव्याची वाळू आणि ट्रेलरचं रबर

लिव्याला, अबू धाबीच्या वाळवंटात जायचं आप्पांनी ठरवलं, आम्ही फक्त ट्रेलर ओढला. गोष्ट २००२ च्या हिवाळ्यातली. माझे सासरे आप्पा गुहागरहून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे शारजाला आले होते आणि आल्यापासून फ्लॅटच्या खिडक्या लावून आत बसले होते. त्यांना दमा, आणि इथे धूळ. एक दिवस जेवताना म्हणाले, "जन्म वाळूच्या शेजारी गेला माझा. समुद्र नसलेली वाळू एकदा बघायची आहे. तिथे एक रात्र झोपायचं आहे."

"आप्पा, तिथे नुसती डस्ट आहे," माझा नवरा मिलिंद म्हणाला. "डॉक्टरने क्लिअर सांगितलंय."

"डॉक्टर चिपळूणचा. त्याने वाळवंट कुठे पाहिलंय?"

गाडीमागे जोडून ओढायचा, राहायचा ट्रेलर आमच्याकडे होता. मिलिंदच्या कंपनीतला एक अमेरिकन कायमचा घरी गेला आणि जाताना तो आमच्या गळ्यात मारून गेला. हमरियाला कंपनीच्या यार्डात तो उभा असायचा. आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रीज. शिवाय एक गंमत होती: बटण दाबलं की एका बाजूची भिंत पलंगासकट ड्रॉवरसारखी बाहेर सरकायची आणि खोली मोठी व्हायची. या ड्रॉवरच्या चारी कडांना रबराच्या पट्ट्या असतात. उन्हाळे खाऊन आमच्या पट्ट्यांचा पार खाकरा झाला होता. मिलिंदने आमच्या ऋचाला आत उभं केलं आणि बाहेरून विचारलं, काय दिसतंय. ती आठ वर्षांची, तिने उत्तर इंग्रजीतच दिलं, "डॅडी, आय कॅन सी युअर शर्ट."

शर्ट दिसतो तिथून वाळू येणारच. "ही सील बदलल्याशिवाय आप्पांना नेणार नाही," असं मिलिंदने जाहीर केलं आणि सील मिळणार नाहीत अशी त्याला मनातून आशा होती, हे मला दिसत होतं.

ती दुबईत रास अल खोरला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाली. जुन्या रबराचा तुकडा सोबत न्या, माप तोंडी सांगू नका. दुकानदाराने तो दाबून, वास घेऊन पाहिला. "ट्रेलर का नहीं है, हबीबी. फ्रीजर गाडी के दरवाजे का है. चलेगा?" चाललं. रबर दोन प्रकारचं घेतलं. एक पोकळ, नळीसारखं, जे दाबलं जाऊन फट बुजवतं. दुसरं कानाच्या पाळीसारखं पातळ, जे ड्रॉवर सरकताना त्याची भिंत पुसतं. दोन्ही मिळून दीडशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे दोन हजार रुपये, हे आप्पांनी मोठ्याने म्हटलं.

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी: जुना गोंद लोखंडी पात्याने खरवडू नका, रंग जातो. आम्ही स्पिरिट लावून प्लास्टिकच्या उलथन्याने काढला. सावलीत चिकटवा, रबर ताणू नका, कोपरे तिरके कापून जोडा आणि एक रात्र तसंच राहू द्या. मग फटीत वर्तमानपत्राची पट्टी धरून ड्रॉवर बंद करा. पट्टी ओढून निघाली नाही तर सील बसलं.

आमची पट्टी निघाली नाही. आप्पा इतके खूश झाले की त्यांनी फ्लॅटवरून खोबरेल तेलाची बाटली मागवली. "नवं रबर आहे, कोरडं ठेवू नये. कुकरच्या रिंगला नाही का लावत?" हे मला शंभर टक्के पटलं. मीच बाटली दिली. मिलिंद इंजिनिअर, त्यानेही कोपऱ्यांत बोटं फिरवली. पट्ट्या अशा चमकायला लागल्या की बघत राहावं.

गुरुवारी पहाटे निघालो. अबू धाबी मागे टाकून तारिफपर्यंत सरळ हायवे, तिथून डावीकडे आत. ट्रेलर मागे असला की ऐंशीच्या वर जाऊ नये, आणि रिकाम्या रस्त्यावर ते जड जातं. तारिफच्या पंपावर पेट्रोल आणि पाणी भरून घ्या. तिथल्या कॅफेटेरियात एक दिरहमला चहा आणि तीन दिरहमला शवर्मा मिळाला. आप्पांनी शवर्म्यातलं फक्त लोणचं खाल्लं.

दुपारी लिव्याला पोचलो. खजुरीच्या बागा संपल्या की लालसर टेकड्या सुरू होतात. ट्रेलर मऊ वाळूत नेऊ नका. आम्ही डांबरी रस्त्यालगत खडी टाकलेल्या मोकळ्या जागेत थांबलो, बटण दाबलं, ड्रॉवर बाहेर आला. आप्पा खुर्ची टाकून नुसते बघत बसले. म्हणाले, "लाट आहे, पण फुटत नाही."

संध्याकाळी वारा सुटला. मिलिंदने घाईने ड्रॉवर आत घेतला आणि घात झाला. तेलकट रबरावर दुपारभर बारीक वाळू बसून तिचा लेप झाला होता. एरवी भिंत पुसून धूळ बाहेर ठेवायची ती पाळी आता तीच वाळू घासत आत घेऊन आली, थेट आप्पांच्या उशीवर. त्यांना उबळ आली. दम्याचा पंप दिला तरी धाप थांबेना. शेवटी काचा लावून त्यांना गाडीत बसवलं, एसी सुरू केला, तेव्हा हळूहळू उतार पडला. झोप त्यांनी गाडीच्या सीटवरच काढली. मला फार भीती वाटली. जवळचं हॉस्पिटल कुठे आहे, तेही आम्ही विचारून ठेवलं नव्हतं. तुम्ही ते आधी विचारा.

सकाळी मिलिंद ट्रेलर जोडायला लागला. "खलास. परत जायचं."

"मी झोपलो कुठे? गाडीत," आप्पा म्हणाले. "वाळवंटात झोपायचं राहिलंय."

"आप्पा, काल काय झालं ते बघितलंत ना? तुम्हाला काही झालं तर आईला मी काय सांगू?"

"तिला सांग, मी ऐकलं नाही. तिला सवय आहे." मग आवाज उतरला त्यांचा. "मिलिंद, दमा माझ्याबरोबर गुहागरला येणारच आहे. ही वाळू येणार नाही."

मिलिंदने हातातला ट्रेलरचा दांडा सोडला. मग आत गेला आणि भांडी घासायचा साबण घेऊन आला.

आप्पांना लांब, वारा येत होता त्या बाजूला बसवून आम्ही पट्ट्या साबणपाण्याने धुतल्या, तेलाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. कोरड्या करून त्यांवर अंगाला लावायची पावडर बोटाने चोळली, उरलेली ओल्या फडक्याने टिपली. रबराला हेच लावतात, हे नंतर दुकानदाराने सांगितलं. चादरी बदलल्या, ड्रॉवरचं छप्पर झाडलं आणि मगच तो आत घेतला. आत कणभर वाळू आली नाही. त्या रात्री आप्पा त्या पलंगावर झोपले आणि सकाळी आमच्याआधी उठले. मी बाहेर आले तेव्हा ते नाकावरचा मफलर गळ्यात घेऊन समोरच्या टेकडीच्या निम्म्यावर बसले होते. मिलिंद त्यांच्या मागे, दहा पावलांवर, खिशात पंप धरून. हाक मारत नव्हता.

शारजाला परतलो. ट्रेलर आम्ही पुढे विकला. सील अजून टिकली असतील, रबर चांगलं होतं. राहिलं ते वेगळंच. दर शुक्रवारी मिलिंद आप्पांना गुहागरला फोन करायचा. इतकी वर्षं पहिला प्रश्न असायचा, "दमा कसा आहे?" आप्पा म्हणायचे, "बरा," आणि फोन आईंकडे द्यायचे. आप्पा परत गेल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मिलिंदने विचारलं, "आप्पा, आज कुठे गेला होतात?"

त्या दिवशी फोनचं कार्ड संपलं, तेव्हा आप्पा अजून बोलतच होते.