मिसेस बेडनार्झचा बिछाना

लिओना झुर्कोच्या गराजमध्ये एक लोखंडी फुफ्फुस होतं, म्हणून तिच्या नवऱ्याची गाडी दर हिवाळ्यात बर्फात उभी असायची. पोलिओच्या दिवसांत माणसाला मानेपर्यंत आत सरकवून त्याचा श्वास चालू ठेवणारं ते धूड म्हणजे एक छोटी पाणबुडीच. तिच्या आसपास काचेच्या सिरिंजा, इनॅमलची तसराळी, चाकांच्या खुर्च्या आणि बेडपॅनांची एक उतरंड. जेवणाच्या टेबलावर नर्सांच्या स्टार्च केलेल्या टोप्या. स्टॅश झुर्को पोर्चमध्ये बसून जेवायचा.

"लोकांच्या बायका सेलमधून पडदे आणतात," तो शेजाऱ्यांना सांगायचा. "माझी बेडपॅन आणते. बरं, आणते ती आणते, वर मला विचारते, याचा आकार किती देखणा आहे बघ!"

हे सगळं सुरू झालं ते ब्रॅडवेलचं खाणकामगार रुग्णालय बंद पडलं त्या आठवड्यात. लिओना खाणकामगाराची मुलगी. त्याच रुग्णालयाच्या शाळेत नर्सिंग शिकली, तिथेच आयुष्यभर नोकरी केली, आणि आता सुखाने घरी बसून टोमॅटो लावायचे असा तिचा बेत होता. रविवारी चर्चमधून परतताना तिला दिसलं, की रुग्णालयाच्या मागे ट्रकएवढा कचऱ्याचा डबा उभा आहे आणि माणसं तिसऱ्या मजल्यावरून त्यात तिची अख्खी जवानी फेकताहेत. लिओना निळा झगा आणि मोत्यांची माळ घालून त्या डब्यात चढली. उतरली ती काखेत मिसेस बेडनार्झला घेऊनच.

मिसेस बेडनार्झ ही शाळेची सरावाची बाहुली. पुरी बाईएवढी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलींनी तिला अंघोळी घातल्या, कुशीवर वळवलं, सुया टोचल्या, एनिमे दिले. बिचारीने कधी हूं की चूं केलं नाही. असा रुग्ण लिओनाला नोकरीत एकही भेटला नाही.

जगातल्या फार थोड्या संस्था कचऱ्याच्या डब्यात जन्मल्या असतील. ब्रॅडवेल नर्सिंग इतिहास मंडळ त्यांतलं एक. आठ-दहा निवृत्त नर्सा, महिन्याला एक सभा. सुरुवातीला मागील सभेचा वृत्तान्त, शेवटी लोण्यात परतलेले पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्या, आणि मधे भांडण. कारण गावात नर्सिंगच्या शाळा दोन होत्या. दुसरी टेकडीवरच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची, म्हणजे ननांची. तीही बंद पडल्यावर तिथली फिलोमीना ब्रोगन आपल्या टोप्यांचं खोकं घेऊन मंडळात आली आणि खोक्याबरोबर चादरीचा कोपराही घेऊन आली.

खाटेच्या पायथ्याशी चादर गादीखाली खोचताना जी घडी पडते, तो कोपरा. खाणवाल्यांच्या शाळेत तो तिरका, पाकिटाच्या झाकणासारखा. सिस्टरांच्या शाळेत उभा सरळ, जसं काही खोकं बांधलंय. बाकी सगळ्यावर दोघींचं एकमत. उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराकडे नको, खाटेची चाकं सगळी आत वळलेली हवीत, डॉक्टर लोक आळशी. पण कोपरा म्हटला की संपलं.

"तुमचा कोपरा म्हणजे सुतारकाम," लिओना म्हणायची.

"आणि तुमचा म्हणजे घाई," फिलोमीना म्हणायची. "आमच्याकडे रुग्ण बरे व्हायचे. तुमच्याकडे नुसते घरी जायचे."

त्या शरद ऋतूत मात्र गंमत संपायची वेळ आली. स्टॅशच्या डॉक्टरने सांगितलं, यापुढे फावड्याने बर्फ उपसायचं नाही, गाडी छपराखाली गेलीच पाहिजे. म्हणजे बर्फ पडायच्या आत गराज रिकामं. राज्याच्या राजधानीतून, हॅरिसबर्गहून, एका सरकारी कोठाराने कळवलं, आम्ही सगळं खोक्यांत बंद करून नीट सांभाळू. सांभाळतील, नक्की सांभाळतील! पण पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. लिओनाला ते कचऱ्याच्या डब्याचंच सभ्य रूप वाटलं.

एकच आशा होती, जुन्या रेल्वे स्टेशनचा रिकामा हॉल. तो कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मालकीचा. आणि तो अग्निशमन दलालाही हवा होता, बिंगोसाठी, म्हणजे हौजीच्या खेळासाठी. ब्रॅडवेलमध्ये बिंगोच्या विरोधात उभं राहणं म्हणजे काय, हे ब्रॅडवेलकरांनाच कळेल. पण कौंटी कमिशनर वेंडेल योस्ट न्यायाने वागणारा माणूस. तो म्हणाला, "मिसेस झुर्को, आठवडाभर हॉल वापरा. शनिवारी सकाळी मी येऊन बघतो आणि तिथल्या तिथे सांगतो."

आठवडाभर नर्सा मुंग्यांसारख्या राबल्या. हॉलच्या मधोमध लोखंडी खाट, तिच्यावर मिसेस बेडनार्झ, आणि लिओनाच्या हाताने घातलेला कडक पांढरा बिछाना. तिरका कोपरा! वर ठळक पाटी, 'हात लावू नये'. मंडळातल्या प्रत्येकीने पाटी वाचली आणि प्रत्येकीला वाटलं, ती लोकांसाठी आहे.

शनिवारी लिओना पहाटेच येऊन बघते तर कोपरा सरळ! तिने तो उपसून तिरका केला. स्टॅश आणि ती गाडीतून कॉफीचा थर्मास आणि खसखशीचा रोल घेऊन परत येतात तर कोपरा पुन्हा सरळ, आणि फिलोमीना खिडकीपाशी उभी राहून ढगांचा अभ्यास करतेय.

"फिलोमीना!"

"काय गं? आज ऊन पडेलसं वाटतंय."

"पाटी वाचता येते का तुला?"

"येते की. हा कोपरा असा ठेवलास तर मिसेस बेडनार्झ दुपारपर्यंत जमिनीवर येईल, हेही वाचता येतं."

"ती माझी रुग्ण आहे!"

"सातव्या वॉर्डातल्या तुझ्या रुग्णांची पांघरुणं मी पाहिलीयत, लिओना!"

लिओनाने डावीकडून चादर धरली, फिलोमीनाने उजवीकडून. बाकीच्या नर्सा शाळेप्रमाणे दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मिसेस बेडनार्झ मधल्या मधे हिंदकळू लागली. एक हात वर झाला, जणू तिलाही काही बोलायचं होतं. स्टॅशने शांतपणे रोलचा काप तोंडात टाकला. आणि दारातून आवाज आला, "गुड मॉर्निंग! चुकीच्या वेळी आलो का?"

वेंडेल योस्ट. उंच, जाडजूड, हातात टोपी. दोघींनी चादर सोडली. चार पायऱ्या चढून आलेला जाडजूड माणूस जे करतो ते वेंडेलने केलं. तो बसला. खाटेवर. मिसेस बेडनार्झच्या पायावर.

"ऊठ!" दहा नर्सा एका सुरात ओरडल्या. दोन्ही शाळा, एक आवाज! "रुग्णाच्या खाटेवर बसतात का?"

वेंडेल असा उठला की टोपी बेडपॅनांच्या उतरंडीवर जाऊन पडली. "सॉरी, सॉरी... सॉरी, मॅडम," तो मिसेस बेडनार्झला म्हणाला.

लिओनाला वाटलं, गेला हॉल, गेलं सगळं! कमिशनरवर ओरडलो! पण तोंड मात्र सवयीने पुढे चालू. "आता चुरगळलीस तर तूच नीट कर. हात धू आधी, वेंडेल."

आणि वेंडेल खरंच हात धुऊन आला. बाह्या वर सारून म्हणाला, "पण या बाई तर खाटेवर आहेत. चादर बदलायची कशी?"

आहाहा! हा प्रश्न दहा निवृत्त नर्सांना विचारायचा! फिलोमीनाने मिसेस बेडनार्झला कुशीवर वळवलं, लिओनाने वेंडेलच्या हातात गुंडाळलेली चादर दिली, एकीने "पाठीत वाक नको, गुडघ्यात वाक" केलं, दुसरीने "सुरकुती! सुरकुती! उद्या पाठीला जखम होईल तिच्या!" केलं. वेंडेल घामाघूम. चादर ताणतोय, मिसेस बेडनार्झला "जरा इकडे, हं, झालंच" म्हणतोय, रांगत खाटेला वळसा घालतोय. शेवटी पायथ्याशी येऊन त्याने मान वर केली. "आता कोपरा. कोणता बरोबर?"

स्टॅशने चावणं थांबवलं.

लिओनाने फिलोमीनाकडे पाहिलं. जन्मभर जे ओठांवर तयार होतं ते उत्तर ओठांवर आलं. मग तिने गुडघे वाकवले, डाव्या बाजूची चादर घेतली आणि सरळ कोपरा घातला. सिस्टरांचा! घातला कसला, खोक्यावरून ट्रक गेल्यासारखा दिसत होता.

"अगं ए, सोड!" फिलोमीना कळवळली. "माझ्या शाळेची लाज काढतेस." तिने तो नीट केला, आणि उजवीकडे जाऊन हूं की चूं न करता तिरका घातला. तो इतका सुरेख पडला की लिओनाला संशयच आला, ही घरी रोज असाच घालते की काय.

"दोन्ही शिकवा मला," वेंडेल म्हणाला. चेहरा लालबुंद, डोळे लकाकलेले. "पुन्हा करू? नाही, थांबा. हॉल तुमचा. बिंगो आहे तिथेच राहील. पण एक अट. ती पाटी काढायची. दर शनिवारी गावाने येऊन हा बिछाना घालायचा."

नर्सांनी अशी आरोळी ठोकली की बाहेरची कबुतरं उडाली. लिओना मात्र पाटीकडे बघत राहिली. शाळकरी कार्टी या चादरींना हात लावणार? पीनट बटरचे हात? मग तिने मिसेस बेडनार्झकडे पाहिलं. हजारो नवशिक्या हातांनी हाताळलेली बाई ती. कोणाचा हात न लागता ती पडून राहिली ती फक्त कचऱ्याच्या डब्यात.

"साबण मात्र दोनदा," लिओना म्हणाली, आणि खुर्चीवर चढून तिने पाटी उतरवली.

पुढच्याच शनिवारी बिंगो हरलेल्या अग्निशमन दलाने लोखंडी फुफ्फुस गराजमधून उचलून हॉलमध्ये नेलं. स्टॅशने गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि खरोखरचं छप्पर बघत गाडीतच बसून राहिला. एवढ्यात काचेवर टकटक झाली.

"स्टॅश, राजा," लिओना म्हणाली. आवाज लोण्यासारखा. "हेझलटनहून फोन होता. बाळंतपणाचं एक टेबल आहे, अगदी दुर्मिळ. फक्त वसंतापर्यंत ठेवायचंय."

स्टॅशने काच जराशी खाली केली.

"चाकं आहेत का त्याला?"