वळणावरची आरोळी

डहाणू रोड स्टेशनाबाहेर आम्ही घरपोच जेवण पोचवणारे सात-आठ जण ऑर्डरची वाट बघत उभे असायचो. त्यांत आरोळी मावशी एकटीच अशी, की ती दिसायच्या आधी ऐकू यायची. तिची गाडी नव्हे, ती स्वतः. इथल्या चिकूच्या वाड्यांमधले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेलं कुंपण, पलीकडून म्हैस येतेय की रिक्षा ते कळायला मार्ग नाही. अशा प्रत्येक वळणाआधी मावशी स्कूटर थांबवायची, एक पाय जमिनीला टेकवायची, हेल्मेटची काच वर करायची आणि पोटातून आरोळी द्यायची, "आले होऽऽ!" मग गप्प उभी राहायची. पलीकडून काहीच आलं नाही तर पुढे. कोणी "थांबा होऽ" म्हणालं, तर तो माणूस निघून जाईपर्यंत ती जागची हलत नसे.

मला या प्रकाराची आधी भयंकर लाज वाटली. मी तलासरीकडच्या डोंगराळ गावातला, भात-नाचणी पिकवणाऱ्या घरातला. डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात सहा वर्षं काढली, तिथली पाळी बंद झाली तेव्हा मोटरसायकल घेऊन या कामाला लागलो. पहिल्या दिवशी रस्ते दाखवायला मला मावशीच्या मागे लावून दिलं. तिसऱ्या वळणावर मी न राहवून म्हणालो, "मावशी, गाडीला हॉर्न आहे ना?" ती मागे न बघता म्हणाली, "हॉर्न वाजवून माणूस पुढे जातो रे तलासरी. आरोळी देऊन थांबतो." माझं नाव तिने कधी विचारलं नाही. शेवटपर्यंत मी तलासरीच राहिलो.

ही सवय तिने गाडीवर बसून लावून घेतलेली नव्हती. तीस वर्षं ती डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन याच वाड्यांतून हिंडली होती. नवरा आणि मुलगा बोटीवर, ही विक्रीला. पुढे किनाऱ्यावर उतरलेलं म्हावरं थेट व्यापाऱ्यांच्या गाड्यांत चढायला लागलं, पाटीत घालायला फारसं उरेना, तेव्हा सुनेने सासूला स्कूटर शिकवली. मासे विकणारीची रीत अशी, की दारासमोर आरोळी द्यायची आणि उभं राहायचं. आतली बाई भाकरी थापत असते, पोराला न्हाऊ घालत असते, तिचं "थांब गं" यायला वेळ लागतो. "नवीन पोरी ओरडतात आणि चालायला लागतात," मावशी सांगायची. "गिऱ्हाईक बाहेर येतं तोवर ही दुसऱ्या आळीत. आरोळी काय, कोणीपण देईल. उत्तर ऐकून घ्यायला शिकायला लागतं." तेच तिने वळणावर चालवलं.

सुरुवातीला तर आरोळीही जुनीच होती. वळण आलं की तोंडातून आपोआप "ओले बोंबीऽऽल!" निघायचं. एकदा ती कुणा गुजराती काकींकडे शाकाहारी थाळी घेऊन गेली आणि त्यांच्या फाटकालगतच्याच वळणावर तिने बोंबलांची आरोळी दिली. काकी धावत बाहेर आल्या. "मासी, आ शुं बूमो पाडो छो? हे काय ओरडता? आमच्या डब्यात काय आणलं?" मावशीने एकेक डबा उघडून कढी, खिचडी, बटाट्याची भाजी सगळं दाखवलं, तरी काकींनी दोनदा वास घेऊन बघितला. त्या दिवसापासून "आले हो" सुरू झालं. वर्षभरात त्या रस्त्यांवरचे रिक्षावाले, चिकू तोडायला जाणारे मजूर, शाळेत चालत जाणाऱ्या मुली, सगळे तिला "थांबा हो" म्हणायला शिकले.

फोनशी तिचं फारसं जमत नसे. लोकेशन बघायचं तर गाडी उभी करून, आणि तेही एकदाच. मग फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डिकीत. "या नकाशाला भरती कळते का?" असं ती विचारायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की बोर्डीकडच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर वाळू येऊन पडते आणि दुचाकी त्यावर साबणावरून सरकावी तशी सरकते. मावशी सकाळी तिथी बघून यायची आणि आम्हाला बजावायची, आज आतल्या रस्त्याने जा. आतला रस्ता लांबचा. साहजिकच तिची ऑर्डर सगळ्यांत उशिरा पोचायची. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका गृहस्थांनी तिला बंगल्याच्या पायरीवर फैलावर घेतलं, तेव्हा मीही दुसरा डबा घेऊन तिथेच होतो. ती शांतपणे म्हणाली, "उशीर झाला दादा, खरं आहे. डाळ परत गरम करून घ्या. मी पडले तर मला परत कोण उभी करणार?" गृहस्थांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

मी अर्थातच तिचं ऐकलं नाही. एका पौर्णिमेला घाईने किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो आणि वाळूवर आडवा झालो. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. स्टेशनाबाहेरच्या अड्ड्यावर येऊन मी सांगितलं की कुत्रं आडवं आलं. मावशीने माझ्या पँटीच्या शिवणीत अडकलेली वाळू बोटाने काढून सगळ्यांना दाखवली. मग दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून घेतली, परत आणलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं. "आता नीट सांग. कुठे पडलास, कसा पडलास." मला शरमेने मेल्यासारखं झालं. "यात लाज कसली?" ती म्हणाली. "तू खोटं कुत्रं सांगितलंस तर उद्या हा दुसरा त्याच वाळूवर जाणार. जे ठाऊक आहे ते सांगायचं. तोंड शिवून बसलास तर दुसरा मरतो." तेव्हापासून आमच्यात तो नियमच झाला. पडला, घसरला, थोडक्यात वाचला, की येऊन सांगायचं. तिने स्वतः स्कूटर शिकताना शेणाच्या ढिगात कशी गेली तेही हावभावांसकट सांगितलं होतं.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण पुढे मी नेमका हाच नियम मोडला, आणि तोही तिच्याच बाबतीत.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरताना एका वळणावर तिची आरोळी ऐकून मी "थांबा होऽ" म्हणालो आणि पुढे झालो, तर मावशी समोरून सरळ गाडी घेऊन आली. मी कसाबसा बाजूला झालो. वारा असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग बघायला लागलो. फोनवर ऑर्डर वाजली की बाकीचे वळून बघायचे, मावशी मात्र दर दोन मिनिटांनी फोन डिकीतून काढून त्याच्याकडे बघत बसायची. एकदा तिच्या पाठीमागे उभा राहून मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "मावशी, चहा सांगू?" ती वळली नाही. चहा म्हटल्यावर न वळणारी बाई नव्हती ती.

तिला ऐकू येत नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं. सांगायला दहादा तोंड उघडलं असेल. पण गाडीवर बसली की ती अशी ताठ, अशी खुशीत असायची, की माझी जीभ उचलेना. गाडी सुटली तर ही बाई घरात बसून काय करणार, असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मी तिच्या तोंडाला घाबरत होतो. मग मी आपला एक शहाणपणा केला. तिची आरोळी ऐकू आली की उत्तर द्यायचंच नाही, आपणच गाडी बाजूला घेऊन थांबायचं, तिला जाऊ द्यायचं. ती हात करून निघून जायची. दोन महिने मी असं केलं आणि आपण मावशीला सांभाळतोय अशा समाधानात होतो. बाकीचं गाव "थांबा हो" म्हणून पुढे येणार, त्याचं काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दुपारी मी बोर्डीहून परत येत होतो. मागे चिकूचे क्रेट भरलेला टेंपो, अगदी पाठीला लागलेला. विहिरीच्या वळणापलीकडून आरोळी आली, "आले होऽऽ!" मला थांबता येईना. ब्रेक दाबला असता तर टेंपोच माझ्या अंगावर आला असता. मी होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो, "थांबा होऽऽ! मावशी, थांब!" आणि मावशी आली. मी गाडी कुंपणात घातली. टेंपोचे ब्रेक करकरले. काट्यांतून मान काढून बघितलं तर टेंपोचा बंपर तिच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबलेला होता.

ती उतरली. स्कूटर स्टँडला लावली. आधी मला काट्यांतून ओढून काढलं, कुठे लागलं ते बघितलं. मग माझ्यासमोर उभी राहून विचारलं, "तू उत्तर दिलंस?"

"दिलं."

"मोठ्याने?"

मी खाली बघितलं. टेंपोवाला खाली उतरला होता. तोच म्हणाला, "मावशी, माझी काच बंद होती, तरी मला ऐकू आलं."

त्याच्या ओठांकडे बघत तिने ते ऐकून घेतलं. मग पुन्हा माझ्याकडे वळली. "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"दोन महिने."

मला वाटलं, आता शिव्या पडणार. पडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तुझ्या जागी समोर शाळेतली पोरगी आली असती, तर तू कोणाला काय सांगितलं असतंस?" तिने स्कूटरची किल्ली काढून कनवटीला खोचली, गाडी हाताने ढकलत गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत नेली आणि जेवण दिलं. उशीर झाला, गरम करून घ्या, हेही नेहमीसारखंच सांगितलं. मी मागे लंगडत चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी ती अड्ड्यावर चालत आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. "काल विहिरीच्या वळणावर एक जीव जाता जाता राहिला. मला ऐकू आलं नाही. मला कमी ऐकू येतंय, आणि कानात पाणी गेलं असेल म्हणून मी तिकडे बघितलंच नाही." एवढंच. माझं नावही घेतलं नाही. मग मला गप्प बसवेना. मी पुढे झालो आणि सगळं सांगितलं, दोन महिने कसा थांबत होतो तेही. मावशी मान हलवत ऐकत होती. किती ऐकू गेलं कोण जाणे, पण मी संपवल्यावर तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

सुनेने वलसाडला नेऊन तिला कानाचं मशीन बसवून आणलं. आम्हाला वाटलं, आता मावशी परत येणार. ती आली, हेल्मेट घातलं, आणि लगेच काढलं. हेल्मेटच्या आत मशीन कुईं करून शिट्टी वाजवत होतं. डोक्याला दोनतीन हेल्मेटं लावून बघितली, सगळ्यांत तेच. कोणीतरी म्हणालं, "मावशी, वाड्यांतल्या वाड्यांत हेल्मेट नाही घातलंस तरी चालेल." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा आणायला निघून गेला. "हेल्मेट घातलं की कान नाही, कान लावला की हेल्मेट नाही," ती म्हणाली. "एकावर मी गाडी चालवत नाही." किल्ली तिने सुनेला देऊन टाकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने ते लपवलं नाही.

पुढच्या वर्षी वडिलांचे गुडघे गेले, शेतीला माणूस हवा झाला, म्हणून मी डहाणू सोडलं. मोटरसायकलच्या मागे गादी आणि पेटी बांधून निघालो. सरळ तलासरीला जायचं सोडून आधी वाड्यांतून एक फेरी मारली. विहिरीच्या वळणावर सवयीने थांबलो, पाय टेकला, "आलो होऽऽ!"

"थांब रेऽऽ!"

मी गाडी बंद केली. वळणाआडून मावशी आली, डोक्यावर सुकटीची लहानशी पाटी, कानामागे मशीन. ऐकू आलं म्हणून ती लहान पोरीसारखी खूश झाली होती. गादीकडे बघून तिला सगळं कळलं. पाटी उतरवून तिने सुक्या बोंबलांची एक जुडी कागदात बांधली. "आईला दे. महामार्गावर ट्रकवाल्यांना आरोळी ऐकू जात नाही, तिथे नुसता थांब." मग पाटी पुन्हा डोक्यावर घेऊन म्हणाली, "आता जा. माझ्या मागे कोणी नाही, मी ऐकलंय."

आता मी सकाळी शेतात आणि दुपारी तलासरीच्या हॉटेलांतून आसपासच्या कंपन्यांमध्ये जेवण पोचवतो. महामार्ग ओलांडायच्या आधी नुसता थांबतो. पण गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांना लागलो की प्रत्येक वळणावर पाय टेकतो, काच वर करतो आणि आरोळी देतो. बरोबरचे हसतात. मलाही लाज वाटली होती. उत्तर आलं नाही म्हणजे रस्ता मोकळा, हे तिनेच शिकवलं. तरी मी थोडा जास्तच थांबतो.