आत्याबाईंचं आमेन

बहिणींनो, आज दुपारचीच गोष्ट. सांगितल्याशिवाय राहवत न्हाई.

आमच्या रूथआत्या चार दिवस तापात पडून होत्या. डोळे उघडत नव्हत्या, घास घेत नव्हत्या. जालन्याहून डॉक्टरीणबाई टांग्यानं येऊन गेल्या, पण ताप काही उतरला न्हाई.

आमचे हे इथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. खाटेजवळ गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. आम्ही सगळ्या रडत होतो. प्रार्थना लांबतच गेली.

तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला, "आमेन."

ह्यांना ऐकूच आलं न्हाई.

"अरे, आमेन म्हन्ले ना! देवाला बराबर समजलं. आता जल्दी भाकर दे, भूक लागून राह्यली."

रडता रडता आम्ही असं हसलो, की ह्यांनाही हसून उठवेना. आत्यांनी दुधात कुस्करलेली अर्धी भाकर खाल्ली.

आम्ही रडून मागितलं, देवानं हसवून दिलं. तुमच्या घरी असं कधी झालंय का?