ओढा धरून गेलेले भाऊजी

महिपती भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. वांगणीत वाढले, जन्मभर जीप चालवली. पावसाळ्यात डोंगरात कुणा हौशी माणसाची गाडी चिखलात रुतली की ह्यांनाच फोन यायचा. वाट चुकलेल्यांना त्यांचं एकच सांगणं, "ओढा गाठा आणि खाली चला. पाणी गावाला नेतंच." आमच्याकडे ते खरंच आहे. कुठलाही ओहोळ धरा, शेवटी उल्हास नदी लागते आणि तिच्या काठी गावं.

वाळवंटात जीप घालायची, तंबू ठोकून राहायचं, हे त्यांचं जुनं वेड. आमच्या जाऊबाई, कौसाबाई, म्हणायच्या, "घरात पंखा बंद पडला तर रात्रभर धुसफूस, आणि चालले वाळूत निजायला!" होळी झाल्यावर भाऊजींनी उल्हासनगरला कॅम्प नंबर एकमधल्या गॅरेजात जीप दुरुस्त करून घेतली. सिंधी मालक म्हणाला, "साईं, पानी डबल रखना." भाऊजी हसले, "सेठ, हम पानीवाले गाव के हैं. पानी हमको ढूंढ लेता है."

सोबतीला आमचे हे, कैलास, गेले. पहिले दोन दिवस राजस्थानातून फोटो आले. टेकाडाआड तंबू, तीन दगडांवर पिठलं, आणि टोपी घातलेले भाऊजी, नव्या नवरदेवासारखे. मग फोन लागेना. रेंज नसेल, असं जाऊबाईंना सांगितलं आणि मी तुळशीपाशी दिवा लावून देवाचं नाव घेत बसले. दुसरं हातात काय होतं?

पुढचं ह्यांच्याकडून कळलं. वाळूत दडलेल्या दगडावर जीप आदळून पुढचा ॲक्सल तुटला. ह्यांचा पाय मुरगळून सुजला. आलेल्या वाटेवरच्या चाकांच्या खुणा वाऱ्यानं बुजवून टाकल्या होत्या. तेवढ्यात पलीकडे कोरडा ओढा दिसला आणि भाऊजींना हुरूप आला.

"कैलास, तू पड इथंच. मी खाली जाऊन माणसं आणतो."

"दादा, गाडी सोडू नको. कोणीतरी येईल."

"अरे, एवढ्यांना डोंगरातनं बाहेर काढलं, आता मला तू शिकव! हा ओढा कुठंतरी जाणारच ना?"

पाण्याचा कॅन त्यांनी ह्यांच्या उशाशी ठेवला. स्वतः एक बाटली घेतली.

दुसऱ्या दिवशी एक उंटवाला तिथून चालला होता, त्यानं ह्यांना पाहिलं. भाऊ कुठे गेला ते सांगायला ह्यांनी ओढ्याकडे बोट केलं, तर तो कपाळाला हात लावून खालीच बसला. तिथले ओढे नदीला मिळत नाहीत. मध्येच वाळूत जिरतात. भाऊजी कुठेही भरकटले नव्हते, सरळ ओढा धरून गेले होते. ओढा संपला तिथल्याच एका झाडाखाली ते सापडले. टोपी तोंडावर, बाटली कोरडी.

नाव घेण्यात मी कुठं कमी पडले, हे देवाला विचारायचा धीर होत नाही. दिवा लावते, एवढंच.

अग्नी तिकडेच द्यावा लागला. अस्थी बदलापूरला आणल्या. उल्हास नदीवर पोचेपर्यंत जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मडकं छातीशी धरून त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि तिथंच थांबल्या.

"कैलासभाऊजी, ही तरी पोचते ना कुठं?"

"पोचते, वहिनी. खाडीला, पुढं समुद्राला."

"मध्ये जिरत नाही ना?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मग त्यांनी मडकं सोडलं.