मेहुण्याच्या घरी पाहुणा : ठाण्याहून कल्याण आणि अंबरनाथ

ठाण्याला स्टेशनावरून कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी खानावळ आहे. वर तीन खोल्या, खाली पंगत. कोर्टाच्या कामाला आलेले पक्षकार उतरतात, आणि आगगाडी झाल्यापासून नुसतं हिंडायला निघालेले मुंबईकरही उतरतात. बारा वर्षं मी लोकांना वाढतो आहे. माझ्या आमटीला कोणी नाव ठेवल्याचं मला आठवत नाही.

पण गेल्या दिवाळीपासून माझ्याच पंगतीत एक नाव ऐकू यायला लागलं. कल्याणचा वासुदेव. तो अंबरनाथाचं जुनं देऊळ बैलगाडीने दाखवून आणतो, घरी जेवायला घालतो, आणि माणूस तिथून निघताना डोळे पुसतो म्हणे. हा वासुदेव माझा मेहुणा. दोन वर्षं माझ्याकडे राहून वाढायला शिकला, तेव्हा त्याच्या हातून वरण सांडायचं. कोणी त्याची स्तुती केली की स्वयंपाकघरात माझ्या बायकोचा हात क्षणभर थांबायचा आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद यायचा, की मी तिला उगाच ताक आणायला सांगायचो. माझी स्तुती तिने कधी अशी ऐकली नव्हती.

शेवटी पौषात मी ठरवलं, की एकदा आपल्या डोळ्यांनी बघून यावं. कळवायचं नाही, अवचित जायचं. घर आवरलेलं नसेल, चूल थंड असेल, तेव्हा गाठायचं.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांना माझं सांगणं आहे, की जाताना आगगाडीपेक्षा होडीने जावं. भरती लागली की ठाण्याच्या बंदरातून मचवा निघतो. माणशी दोन आणे पडतात. ऊन लागतं म्हणून डोक्याला उपरणं हवं, आणि शिदोरी आपली आपण न्यावी. दोन्ही बाजूंना मिठागरं, त्यांत मिठाचे पांढरे ढीग. उजव्या हाताला मुंब्र्याचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. पुढे डोंबिवली म्हणून एक लहानसं गाव लागतं, तिथं दोन बायका कोलीम म्हणजे बारीक कोळंबीच्या टोपल्या घेऊन उतरल्या. मचव्याच्या तांडेलाने मला विचारलं, कुठे जायचं. मी कल्याण म्हटलं. तो लगेच म्हणाला की राहायची सोय नसेल तर वासुदेवाकडे जा, बंदरावर कोणीही घर दाखवील. पुढचा तासभर मी पाण्याकडे बघत बसलो.

दुपार कलताना कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उतरलो आणि घर शोधून काढलं. वासुदेव बाहेर गेला होता. त्याची बायको गोदावरी ओटी सारवत होती. मला बघताच पदर सावरून आत गेली, पाय धुवायला पाणी आणलं, गूळपाणी आणलं. आत चूल पेटलेलीच होती. संध्याकाळी वासुदेव परतला. जावई आला म्हणून पाट मांडला, केळीच्या पानाभोवती रांगोळी घातली. भात, वालाचं बिरडं, अळूची भाजी, ताक. बिरड्यात खोट काढायला मी तीनदा वाढून घेतलं. खोट सापडली नाही.

मग शेजारी पाहिलं. नगरकडचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची पत्नी उतरले होते. त्यांच्याही पानांभोवती तीच रांगोळी, तेच बिरडं. घरचा जावई आणि वाटेवरचा परका यांच्यात तसूभर फरक नव्हता. दुसऱ्या कोणाला याचं कौतुक वाटलं असतं. मला वाटलं, मग माझा मान तो काय राहिला?

दुसऱ्या दिवशी पहाटे वासुदेवाने आम्हा सगळ्यांसाठी गाडी जुंपली. मास्तरांच्या पत्नीला मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नव्हतं. तरीही त्यांना देऊळ बघायचं होतं. अंबरनाथ तिथून अडीच-तीन कोस आहे. रस्ता खडबडीत आहे, बसायला घोंगडी जाड घ्यावी. वालधुनी नदीच्या काठी झाडीत ते काळं देऊळ अचानक समोर येतं, आणि बाहेरच्या भिंतींवर इतक्या मूर्ती, की मान अवघडते.

वासुदेव एकेक मूर्ती सांगायला लागला. मास्तर बायकोचं बोट धरून त्या दगडावर ठेवत. हा हत्ती. हा वाद्य वाजवणारा, याचं पोट सुटलेलं आहे. बाई हसल्या. पुढे एक बाईची मूर्ती होती. वासुदेव म्हणाला, "ही आरशात बघते आहे, आणि स्वतःशीच हसते आहे."

मी मागेच उभा होतो. त्या मूर्तीचा चेहरा पावसापाण्याने पार झिजून गेला होता. दोन दिवस जे शोधत होतो ते मला सापडलं. मी मोठ्याने म्हटलं, "हसायला तिला तोंड कुठं आहे? सगळं झिजलंय. पाहुण्यांना खोटं कशाला सांगतोस?"

वासुदेवाने मूर्तीकडे केलेला हात खाली घेतला. बाईंचं बोट अजून त्या दगडावरच होतं. त्या माझ्या बाजूला वळून शांतपणे म्हणाल्या, "ते मला बोटाला कळलं होतं मघाशीच. पण वासुदेव इतक्या आवडीने सांगत होते. त्यांचं मन कशाला मोडायचं?"

मास्तर दुसरीकडे बघायला लागले. त्यानंतर वासुदेवाने सगळं देऊळ दाखवलं, पण नुसती नावं सांगितली. हा विष्णू, हा भैरव. बाई मधूनमधून विचारत, हा कसा दिसतो? तो म्हणे, इतरांसारखाच. मला हवं ते मिळालं होतं, आणि परतीच्या वाटेवरचा प्रत्येक दगड मला घोंगडीतून टोचत होता.

घरी आल्यावर त्याने मला सगळ्यांच्या आधी वाढलं, आग्रह केला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनापर्यंत माझी पिशवी घेऊन आला. गाडी फलाटाला लागली तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "भावोजी, पुढच्या खेपेला सांगून या."

मेहुण्याने घरच्या जावयाला असं परक्यासारखं म्हणणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बोगद्याच्या अंधारातून गाडी जाताना कोणी माझं तोंड बघत नाही याचं मला बरं वाटलं.

घरी बायकोने विचारलं, वासू कसा आहे? मी होडीचं सांगितलं, बिरड्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता उरलेलं सांगा." मग सांगितलं. ती रागावली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली की तो लहानपणापासूनच असा, नसलेलं हसू दाखवणारा.

मी वासुदेवाला कार्ड लिहिलं. चूक झाली, माघात तुझ्या ताईला घेऊन येऊ का? पाच दिवसांनी उत्तर आलं, एकाच ओळीचं : ताईला अवश्य पाठवावे, स्टेशनावर घ्यायला येतो.

मी ते तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, खानावळ कोण बघेल? आम्हा दोघांनाही खरं काय ते ठाऊक होतं.

ती कल्याणला गेली त्याला आज चार दिवस झाले. माझा मत्सर गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. आत्ता ती त्याच्या ओटीवर बसून हसत असेल, हे जेवताना डोळ्यांसमोर येतं आणि मी पानावरून उठतो. फक्त आता हा मत्सर कशाचा आहे हे मला नीट ठाऊक आहे. त्याच्या बिरड्याचा नाही.

काल एक मुंबईचे गृहस्थ जेवताना म्हणाले की अंबरनाथाचं देऊळ बघायचं आहे. मी त्यांना होडीची वेळ सांगितली, जाड घोंगडी न्यायला सांगितलं, वासुदेवाचं घर सांगितलं. हात धुताना त्यांनी विचारलं, "तिथं तुमचं नाव सांगू का?"

मी म्हटलं, "नको. ताईंच्या घरून आलो म्हणून सांगा."